देवगिरीची अंधारी

परवा परत देवगिरीला गेलो, म्हणजे आपला दौलताबाद, आणि या वेळी मी फक्त तो तासलेला कडाच बघत बसलो राव. अख्ख्या डोंगराची खालची बाजू छिन्नीने सरळसोट उभी कापलीय, पाय ठेवायला खाच नाही, खाली कातळातच खोदलेला खंदक, आणि वर जायला एकच वाट ती पण अंधारीतून, वळणंवळणं असलेला काळाकुट्ट भुयारी मार्ग, शेवटी धूर कोंडायची सोय. तरी १२९६ ला इथल्या यादव राजाला, रामदेवरायाला, अलाउद्दीन खिलजीशी तह करावा लागला, कारण सैन्य त्याच्या मुलाबरोबर, शंकरदेवाबरोबर, बाहेर होतं. एवढा भक्कम किल्ला, पण लढायला माणसंच कमी, फार वाईट वाटतं वाचताना. किल्ल्यातला चांदमिनार पुढच्या वेळी निवांत बघणारे.