लंडनचा शिरस्ता आणि हापूसची पेटी

इकडे ब्रिटनमध्ये सरकारी सेवा ऑनलाइन आणायची तर आधी 'डिस्कव्हरी': लोक ते काम आज कसं करतात, ते पाहायचं. मग 'अल्फा', म्हणजे कच्चे नमुने करायचे आणि मोडायचे. 'बीटा', म्हणजे खऱ्या लोकांच्या हाती द्यायची चालती आवृत्ती, त्यानंतर. टीममधल्या प्रत्येकाने, डेव्हलपरसकट, दर ६ आठवड्यांत किमान २ तास वापरणाऱ्यांना पाहावं, असा सरकारी सल्ला आहे. देवगड-रत्नागिरीत थेट हापूसविक्रीचं ॲप काढणाऱ्यांनी हे खुशाल उचलावं. फक्त कॅलेंडर आपलं ठेवावं.

पाहणी एप्रिलमध्ये, पॅकिंग चालू असतानाच करा. जूनमध्ये विचारलंत तर आठवेल तेवढंच कळतं. "असं ॲप काढलं तर वापराल का?" हे तर विचारूच नका. दारी आलेल्याला आपल्याकडे तोंडावर 'नाही' कोण म्हणतो? "काका, शेवटची ऑर्डर दाखवा बघू," म्हणा. वही उघडते, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज निघतात आणि खरी गोम कळते: पेटी हे पक्कं माप नाहीच. फळ मोठं असलं तर ४ डझन, बारीक असलं तर ६ किंवा जास्त. 'पेटी: १' एवढाच रकाना ठेवलात की भांडण ठरलेलं. डझन आणि फळाचं वजन वेगवेगळं विचारा. तारखेचंही तेच. गिऱ्हाइकाला आंबा अक्षय्य तृतीयेला हवा असतो, बागायतदार फार तर आठवडा सांगू शकतो. तारीख सक्तीची केलीत तर तो कुठलीतरी टाकून मोकळा होईल.

पहिला नमुना कागदाचाच. ए४चे चार तुकडे, एका तुकड्यावर एक स्क्रीन, जाड मार्करने. बारीक पेन घेतलं की उगाच शब्द वाढतात. एकाने मुकाट्याने फोन व्हायचं: समोरच्याने बोट टेकवलं की पुढचा कागद ठेवायचा. काम असं द्या: "दादरच्या ताईंना अडीचशे ग्रॅमचे ५ डझन हवेत." 'हे बटण दाबा' म्हटलंत की चाचणी बाद. अडखळले तर थांबा, मग फक्त "आता काय होईल असं वाटतं?" एवढंच विचारा.

५ जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात, हा वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांचा हिशोब एकाच प्रकारच्या लोकांपुरता आहे. बागायतदार वेगळा, मुंबईचं गिऱ्हाईक वेगळं. दोन्हीकडचे ३-४ जण घ्या, दुरुस्ती करा, पुन्हा नवे लोक बसवा.

मग फिग्मात, म्हणजे स्क्रीनचे नमुने काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, जोडलेल्या स्क्रीन. वाडीत रेंज जाते, म्हणून त्यांची चित्रं फोनमध्ये आधीच उतरवून न्या. चाचणी खळ्यात, उन्हात घ्या, कारण फिकट राखाडी अक्षरं तिथेच गायब होतात. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक (कॉन्ट्रास्ट) ठेवा. बटणं ४८ डीपी (स्क्रीनवरचं मापाचं एकक), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर, हा अँड्रॉइडचा सल्ला. चिकाने माखलेल्या बोटांसाठी मी तरी त्याहून मोठीच ठेवेन.

कागदी फेऱ्या पावसाळ्यात, फिग्मा दिवाळीपर्यंत आणि फेब्रुवारीत दोन-तीन बागांत खरी नोंदणी. एप्रिल-मेमध्ये स्क्रीनची मांडणी बदलू नका. तेव्हा नवीन काही शिकायला कुणाला सवड नसते.