"९६ ला कुठलं कॉलेज मिळेल?"

इंजिनिअरिंगच्या कॅप राऊंडच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांच्या दिवसांत सर्वात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न अर्धवट आहे. ९६ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या साधारण ९६ मुलांच्या पुढे, पण हे ९६ कुणाचे? बारावी कुठल्या जिल्ह्यातून, प्रवर्ग कोणता, मुलगा की मुलगी, उत्पन्न किती? एवढं कळल्याशिवाय सांगितलेलं कॉलेज म्हणजे निव्वळ अंदाज. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाला चार लाखांवर मुलं बसतात. म्हणजे एका पर्सेंटाइलमध्ये चार हजारांहून जास्त मुलं आणि ०.१ मध्ये चारशेच्या वर. "९६ च्या आसपास" असं म्हणून भागत नाही, दशांशासकट बोलावं लागतं.

मागच्या वर्षीच्या कटऑफची, म्हणजे जागा शेवटी कितीवर मिळाली त्या आकड्यांची पीडीएफ उघडली की प्रत्येक शाखेखाली जीओपनएच, जीओपनओ, एलओपनएच असे रकाने दिसतात. प्रत्येक चौकटीत वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल असतो. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. खरी गफलत शेवटच्या अक्षरात होते. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तरीय. राज्यात दहावी-बारावी केलेल्या मुलाचं होम युनिव्हर्सिटी बारावी कुठे झाली त्यावर ठरतं. पुण्यातल्या पीआयसीटी या इंजिनिअरिंग कॉलेजसाठी नाशिकचा मुलगा 'एच'मध्ये येतो, कारण नाशिक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मोडतं. कोल्हापूरच्या मुलाने त्याच पानावर 'ओ'चा रकाना बघायचा. होमच्या ७० टक्के आणि बाहेरच्यांच्या ३० टक्के जागा असल्यामुळे दोन्ही आकडे वेगळे असतात. चुकीचा रकाना बघून महिनाभर खूश राहिलेली किंवा उगाच हिरमुसलेली घरं कमी नाहीत.

गुणवत्ता क्रमांकापेक्षा पर्सेंटाइलची तुलना बरी, तरी तीही तंतोतंत जुळत नाही. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यामुळे एखाद्या कॉलेजात कॉम्प्युटरची नवी तुकडी आली की जुना कटऑफ खाली घसरू शकतो. नव्या शाखेला तर मागचा आकडाच नसतो, म्हणून लोक तिच्याकडे फिरकत नाहीत आणि ती कधीकधी अपेक्षेपेक्षा कमी पर्सेंटाइलला मिळते.

वाट बघण्याच्या दिवसांतलं खरं काम तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हाचं. बहुतेक जण त्यात फक्त आपला नंबर बघतात. नंबरापेक्षा बाकीचे रकाने महत्त्वाचे: उमेदवारी प्रकार, होम युनिव्हर्सिटी, प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), टीएफडब्ल्यूएसची (शिक्षण शुल्क माफी योजनेची) पात्रता. हरकत घ्यायला दोन-तीन दिवसच असतात. अंतिम यादी लागल्यावर "क्लिक करायचं राहिलं" असं सांगून काही उपयोग नाही. जात वैधता किंवा नॉन क्रीमी लेयरच्या जागी अर्जाची पावती लावली असेल, तर मूळ प्रमाणपत्र अपलोड करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ती चुकली की उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो. नॉन क्रीमी लेयर प्रवेशाचं शैक्षणिक वर्ष ज्या ३१ मार्चला संपतं तिथपर्यंत वैध लागतं. उदाहरणार्थ, २०२५-२६ च्या प्रवेशाला ३१ मार्च २०२६ पर्यंतचं लागत होतं.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांची पसंतीक्रमाने भरायची यादी. ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. संगणक गुणवत्ता यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरुवात करतो. ज्याची पाळी आली त्याची यादी वरून खाली वाचतो आणि त्याच्या पात्रतेची जी पहिली जागा रिकामी दिसते ती देऊन टाकतो. तुम्ही एखादं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिलंत की चाळिसाव्या, याने त्या कॉलेजातली तुमची शक्यता वाढत किंवा घटत नाही. "मिळणार नाही म्हणून वर टाकलं नाही" हे म्हणूनच सर्वात महागात पडणारं शहाणपण. क्रम आवडीचा लावायचा, मिळण्याच्या शक्यतेचा नाही.

सगळ्यात तळाशी मात्र नक्की मिळतील असे आठ-दहा पर्याय हवेत. मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतही ज्यांचा कटऑफ तुमच्या दोन-तीन पर्सेंटाइल खाली होता, असे. टीएफडब्ल्यूएसचा चॉइस कोड वेगळा असतो. तोच कोर्स, तेच कॉलेज, पण कोडच्या शेवटी टी. पात्र असाल तर आधी टीवाला, त्याखाली साधा. यात शिक्षण शुल्क माफ होतं, बाकीची फी भरावी लागते, आणि अशा जागा जेमतेम ५ टक्के असल्याने कटऑफ चढा असतो. शेवटी फॉर्म नुसता सेव्ह करून उठू नका. कन्फर्म न केलेला फॉर्म धरलाच जात नाही. कन्फर्म केल्यावर प्रिंट काढा आणि कोड एकेक करून, बोट ठेवून वाचा. एकसारख्या नावाची कॉलेजं आणि शाखा भरताना इथेच घोळ होतो.

२०२५-२६ पासून फेऱ्या चार झाल्या आणि ऑटोफ्रीझ, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होणं, कडक झालं. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी, आणि चौथीत जे मिळेल ते. ऑटोफ्रीझ झालेली जागा नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून दुसऱ्या फेरीत वरचे तीन पर्याय असे हवेत की मिळाल्यावर घरात चर्चा करावी लागणार नाही. तुमच्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेत हा नियम एकदा वाचून घ्याच.

ऑटोफ्रीझ नसेल तर दोन रस्ते: जागा फ्रीझ, म्हणजे पक्की करा, किंवा १००० रुपये स्वीकृती शुल्क भरून जागा धरून ठेवा आणि पुढच्या फेरीत बेटरमेंटला, म्हणजे आणखी चांगल्या जागेसाठी जा. बेटरमेंटमध्ये नवी जागा मिळाली की जुनी आपोआप रद्द होते. परत मागता येत नाही. त्यामुळे पुढच्या फेरीच्या फॉर्ममध्ये हातातल्या जागेपेक्षा नकोसं काहीही लिहायचं नाही, एकही नाही. पहिल्या फेरीचाच जुना, लांबलचक फॉर्म परत भरून चांगलं कॉलेज घालवणारे दरवर्षी सापडतात.

दोन कॉलेजांत अडकलात तर काय बघायचं? दर्जा तपासणाऱ्या दोन संस्था आहेत: एनबीए मानांकन शाखेला मिळतं, नॅक संपूर्ण संस्थेला. फलकावर मोठ्या अक्षरात "मान्यताप्राप्त" लिहिलेलं असतं तेव्हा तुमच्या शाखेचं मानांकन आहे का, हे विचारा. प्लेसमेंटमधलं सर्वोच्च पॅकेज एका मुलाचं असतं. मधला आकडा मागा, आणि त्या शाखेच्या किती मुलांनी नोंदणी केली व किती जणांना नोकरी लागली तेही. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेल्या आकड्याशी ताडून बघा. नावडती शाखा "नंतर बदलू" म्हणून घेऊ नका. दुसऱ्या वर्षी शाखाबदल रिकाम्या जागांवर आणि गुणांवर होतो, आणि कॉम्प्युटरला सहसा रिकाम्या जागा उरत नाहीत.

कॅपमधून प्रवेश घेतलेल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरून शिक्षण शुल्काची निम्मी प्रतिपूर्ती मिळते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना पूर्ण मिळते. संस्था पातळीवरच्या, म्हणजे ज्याला सगळे मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्या जागेवर ही सवलत नाही. "कॅपची वाट कशाला बघता, आत्ताच सीट बुक करा" असं कुणी फोनवर सांगितलं तर चार वर्षांची फी कागदावर मांडा, त्यातून ही सवलत वजा करून बघा. कुठेही पैसे भरण्याआधी प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत परत मिळते हे लेखी मागा आणि पावती व मूळ कागदपत्रांची पोच घेऊन ठेवा. मूळ कागद एका ठिकाणी अडकले की दुसऱ्या कॉलेजात हजर होण्याच्या शेवटच्या दिवशी धावपळ होते, आणि ती तारीख सहसा वाढत नाही.