तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॅनर सगळ्यात शेवटी आणा

"स्कॅनर कुठला घ्यावा?" आपल्या शहरातल्या एलजीबीटीक्यू, म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक, ट्रान्सजेंडर अशा माणसांचे जुने फोटो, पत्रं, पत्रकं जमवायची म्हणून एखादा रविवार ठरला की आयोजकांचा पहिला प्रश्न हाच असतो. विचारलंत म्हणून आधी त्याचं उत्तर देऊन टाकतो. साधा ए-फोर फ्लॅटबेड, म्हणजे काचेवर कागद सपाट ठेवायचा, घ्या, 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) देणारा. कागद आत ओढून घेणारा नको, कारण जुना फोटो त्यात अडकला की चुरगळूनच बाहेर येतो. पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: फोटोत जो माणूस दिसतोय, त्याला तो फोटो कुणी पाहिलेला चालेल?

16 ऑगस्ट 2008 ला क्वीअर आझादी मुंबईची, म्हणजे एलजीबीटीक्यू माणसांची अभिमानाची, पहिली मिरवणूक ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत गेली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा लागू होतं आणि मुखवटे लावून चालणारी माणसं त्या गर्दीत होती. समजा अशा मिरवणुकीतला एक फोटो तुमच्या टेबलावर आला. पुढे दोघं झेंडा धरून हसताहेत, मागे तिसऱ्याने मुखवटा कपाळावर सरकवलाय आणि रुमालाने तोंड पुसतोय. पुढच्या दोघांनी चेहरा दाखवायचं ठरवलं होतं. तिसऱ्याने तसं काही ठरवलं नव्हतं, उकडत होतं म्हणून मुखवटा क्षणभर वर गेला होता. फोटो आणणाऱ्याच्या मते तिघंही "आपलेच" असतात. तरी तिसऱ्याचा चेहरा झाकल्याशिवाय हा फोटो बाहेर जाता कामा नये.

म्हणून फोटोची तारीख कायद्याच्या तारखांशेजारी ठेवून पाहायची सवय लावून घ्या. 2 जुलै 2009 ला संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला, 6 सप्टेंबर 2018 ला घटनापीठाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. पहिल्या दोन तारखांच्या मधल्या साडेचार वर्षांत मोकळेपणाने फोटो काढू दिलेली कितीतरी माणसं पुढे पुन्हा जपून राहू लागली. कुणाचं लग्न झालं, कुणी नोकरीसाठी लहान गावात गेलं. तेव्हाचा होकार आज गृहीत धरायचा नाही, पुन्हा विचारायचं.

तारीखच माहीत नसेल तर फोटोतच शोधा. मुंबईची मिरवणूक ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि पुढे जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकली, तेव्हा ओला रस्ता आणि छत्र्या दिसल्या तर तो सुरुवातीच्या काळातला असण्याची शक्यता जास्त. फलकावरच्या मागण्या वाचा, "377 रद्द करा" हे कधी लिहिलं जात होतं ते कळतं. फोटोच्या पाठीवर लॅबचा शिक्का असतो, तोही नोंदवा.

आता संमतीपत्र. एक पान, मराठीत, मोठ्या टायपात. वकिली भाषेतली तीन पानं समोर ठेवलीत तर माणूस न वाचता सही करेल, आणि न वाचता केलेली सही ही संमती नव्हे. त्यात चार पर्याय पुरतात: सगळ्यांना खुलं; खुलं, पण नाव आणि चेहरा झाकून; फक्त अर्ज करून येणाऱ्या अभ्यासकांसाठी; आणि बंद. बंद म्हणजे कधीपर्यंत, तेही लिहून घ्या: अमुक वर्षापर्यंत, आई-वडील असेपर्यंत किंवा स्वतःच्या मृत्यूनंतरच. ही निवड दरेक वस्तूसाठी वेगळी असते. एकाच माणसाला पत्रक खुलं चालतं आणि फोटो चालत नाही, त्यामुळे पूर्ण पिशवीसाठी एकच खूण करून मोकळं होऊ नका. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना पान वाचून दाखवून होकार ध्वनिमुद्रित करा. शेवटची ओळ माघारीची ठेवा: पावतीवरचा क्रमांक सांगितला की कारण न विचारता वस्तू काढून टाकली जाईल.

मालकी हक्काचा एक घोळ नेहमी होतो. पत्र ज्याच्याकडे आलं, त्याच्याकडे तो कागद असतो. मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा. फोटोचंही तसंच, हक्क सहसा काढणाऱ्याचा असतो, फोटोत दिसणाऱ्याचा नाही. प्रेमपत्र घेऊन कुणी आलं तर जपण्यासाठी प्रत घ्या, पण लिहिणाऱ्याचा पत्ता लागेपर्यंत ते बंद खान्यात ठेवा.

जागा निवडताना तळमजला पाहा, स्टेशनपासून चालत येण्याजोगं अंतर पाहा आणि दारावर काय लिहिताय याचा विचार करा. "जुने फोटो स्कॅन शिबिर" एवढंच पुरे. इंद्रधनुष्याचा झेंडा आत लावा. येणाऱ्यांपैकी कुणी अजून घरी काहीच सांगितलेलं नसतं आणि समोरच्या दुकानात त्याचा मावसभाऊ बसलेला असू शकतो. दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातला घ्या. पावसाळ्यात घराबाहेर काढलेला कागद दमट होतो, एकमेकांवर ठेवलेले फोटो चिकटतात, आणि मग ते सोडवण्यात अर्धा दिवस जातो.

किती जणांना बोलवायचं, हे हिशेबाने ठरवा. नोंद, संमती, स्कॅन आणि पावती धरून एका वस्तूला सहा मिनिटं लागतातच. चार तास आणि दोन स्कॅनर म्हणजे साधारण 80 वस्तू. दरेकाने आठ आणल्या तर दहा माणसं झाली. पन्नास जणांना आवतण दिलंत तर चाळीस जण ताटकळतील, कंटाळून पिशवी तुमच्याकडे सोडून जातील, आणि नेमकं तेच टाळायचं आहे. मूळ वस्तू त्याच दिवशी मालकाच्या हातात परत गेली पाहिजे. "राहू दे तुमच्याकडे, नंतर नेतो" असं कुणी म्हटलं तरी नम्रपणे नाही म्हणा. ठेवून घेतलेल्या पिशव्यांची पुढे आबाळच होते.

माणसं किती लागतात? सात. दाराशी एक, त्याने फक्त स्वागत करायचं आणि पाणी-चहा द्यायचा. संमतीच्या टेबलावर दोघं, आणि तुमच्याकडची सर्वांत जाणती माणसं इथे बसवा, स्कॅनरपाशी नव्हे. स्कॅनरवर दोघं, नोंदवहीवर एक, आणि एकजण मोकळा. मोकळा माणूस चैनीसाठी नाही. जुना फोटो बाहेर काढताना माणसाचा बांध फुटतो, गेलेला जोडीदार समोर येतो. अशा वेळी बाहेर घेऊन जाऊन शेजारी बसणारं कुणीतरी हवं. सगळ्या स्वयंसेवकांचे फोन दाराशी एका डब्यात ठेवायचे. उत्साहाच्या भरात काढलेल्या सेल्फीत मागच्या टेबलावरचा फोटो येतो, संध्याकाळपर्यंत तो तीन ग्रुपांवर फिरलेला असतो, आणि मग तुमच्या संमतीपत्राला काही किंमत उरत नाही.

वस्तू हाताळण्याचं म्हणाल तर हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. वस्तू हाताळायच्या टेबलावर पेन नको, मऊ पेन्सिल ठेवा. स्टेपलरच्या पिना समुद्राच्या हवेत गंजतात आणि कागदाला तपकिरी भोक पाडतात. ओढून काढू नका, मागचे दोन पाय पातळ बोथट पट्टीने उचलून सरळ करा, मग पिन आपसूक निघते. 80-90 च्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोलून काढायचा मोह आवरा. पान आहे तसं स्कॅन करा. काढावाच लागला तर दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा. वर्तमानपत्राची कात्रणं फोटोंपासून वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण त्या कागदातलं आम्ल शेजारच्या फोटोलाही पिवळं करतं. थर्मल कागदावरच्या पावत्या आणि तिकिटं आधी स्कॅन करा, त्यांच्यावरची छपाई दर वर्षाला फिकी होते. लॅमिनेशन आणि सेलोटेप या दोन गोष्टींनी वाळवीइतकं नुकसान केलंय. घरच्या पोथ्या पूर्वी सुती कापडात बांधून ठेवत, ती रीत चांगली होती. मिरवणुकीतला कापडी फलक असेल तर घडी घालू नका, नळीवर गुंडाळून जुन्या धुतलेल्या सुती धोतरात बांधा.

बुरशी आलेली वस्तू खोलीत आणूच नका. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, दुसऱ्या दिवशी मास्क लावून, उघड्यावर पण सावलीत कोरडी करा आणि मऊ ब्रशने झटका. ऑडिओ कॅसेट असेल तर वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे दात आधी मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. व्हीएचएसच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली तर ती चालवू नका.

कागदाइतकीच चिंता संगणकातल्या आठवणींची करा. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला बंद झालं, याहू ग्रुप्स 15 डिसेंबर 2020 ला. आपल्याकडची कितीतरी समलिंगी माणसं पहिल्यांदा एकमेकांशी बोलली ती अशाच ठिकाणी. ते संवाद आता कुणाच्या जुन्या ईमेलमध्ये असले तर असले. म्हणून आमंत्रणातच लिहा: जुना मोबाइल, मेमरी कार्ड, सीडी, छापून ठेवलेले ईमेल, सगळं आणा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर आकार घटून तपशील जातो.

स्कॅनची मूळ फाइल टिफमध्ये (तपशील न गमावणाऱ्या प्रकारात) ठेवा. चार बाय सहाचा रंगीत फोटो 600 डीपीआयला साधारण 25 एमबी होतो, म्हणजे 80 वस्तूंचे दोन जीबी. दाखवण्यासाठी जेपीईजी वेगळी करा. फाइलच्या नावात फक्त आकडे असावेत, तारीख आणि क्रमांक, 20080816-0001 असे. माणसाचं नाव फाइलवर कधीच नको. क्रमांक आणि नाव जोडणारी नोंदवही कागदावर, कुलपात, दोनच माणसांकडे. तीन प्रती ठेवा: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या शहरात. मुंबईच्या पुरात एकाच कपाटातल्या दोन्ही डिस्क एकदमच भिजतील.

मुलाखती हा वेगळ्या दिवसाचा उद्योग आहे, शिबिरातच उरकू नका. दोघांनी जायचं: एक बोलायला, एक यंत्राकडे बघायला. पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद (गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा विसर पडत नाही). 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, मोनो वेव्ह अशी सेटिंग रेकॉर्डरवर ठेवली तर फाइल ताशी साधारण 520 एमबी होते. "तुम्हाला स्वतःबद्दल कधी कळलं?" हा पहिला प्रश्न नको, तो प्रत्येक पत्रकाराने विचारून झालेला असतो. जागेपासून सुरुवात करा: कुठल्या बागेत भेटायचात, चहा कुठे प्यायचात, शेवटची लोकल चुकली तर कुठे थांबायचात? माणूस जागा सांगू लागला की काळ आपोआप येतो. लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेबद्दल आपण विचारायचं नाही. तासाभराने थांबायचं.

माणूस स्वतःला जे म्हणवतो, तेच लिहायचं. कोती (स्त्रैण वागणारे पुरुष स्वतःसाठी वापरतात तो शब्द) म्हणाला तर कोती, हिजडा म्हणाली तर हिजडा, जोगता (यल्लम्मा देवीला वाहिलेला) म्हणाला तर जोगता. मुलाखत ऐकून तिचा लेखी उतारा करणारी तरुण मंडळी "सुधारून" ट्रान्सजेंडर लिहितात आणि त्या माणसाची भाषाच पुसतात. हिजडा घराण्यांतला इतिहास गुरूकडून चेल्याकडे तोंडी चालत आलेला असतो, त्यामुळे चेल्याची मुलाखत हवी असेल तर आधी गुरूला भेटून विचारा. आणि ज्यांचा दिवस बधाईवर (लग्न-बारशाला आशीर्वाद देऊन मिळणाऱ्या पैशांवर) किंवा सिग्नलवर चालतो, त्यांना त्या दिवसाची कमाई द्या, नुसतं प्रवासभाडं नव्हे.

मुलाखतीतला सर्वांत मोठा धोका तिसऱ्या माणसाचा. बोलणारा सहज कुणाचं तरी नाव, कंपनी, गल्ली सांगून जातो. ऐकतानाच मिनिट-सेकंद टिपून ठेवा आणि खुल्या प्रतीतून तेवढा भाग काढा. एका तासाच्या मराठी बोलण्याचा नीट उतारा करायला नवख्याला सहा तास तरी लागतात. त्या हिशेबाने मुलाखती घ्या, नाहीतर चाळीस मुलाखती आणि शून्य उतारे अशी गत होते.

वारसा फेरीबद्दलही, म्हणजे इतिहासाच्या जागा दाखवत चालायच्या फेरीबद्दलही, विचारता. काढा, पण पंधरा माणसांच्या वर नको. ऑगस्ट क्रांती मैदान ते गिरगाव चौपाटी हा 2008 चा रस्ता त्यासाठी उत्तम. 1990 मध्ये अशोक राव कवींनी सुरू केलेल्या "बॉम्बे दोस्त" या समलिंगी माणसांच्या मासिकापासून 1994 च्या हमसफर ट्रस्ट या संस्थेपर्यंतची गोष्ट त्या वाटेवर सांगता येते. पुणेकरांनी तिथली समपथिक ट्रस्ट ही एलजीबीटीक्यू संस्था आणि पुण्याची 2011 ची पहिली मिरवणूक धरावी. मात्र जिथे माणसं आजही एकमेकांना भेटायला येतात, त्या बागेत किंवा प्लॅटफॉर्मवर घोळका नेऊन बोट दाखवू नका.

संग्रह कायमचा कुठे द्यायचा, हा निर्णय घाईने नको. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये क्वीअर आर्काइव्ह फॉर मेमरी, रिफ्लेक्शन अँड ॲक्टिव्हिझम हा संग्रह आहे, अशा ठिकाणी आधी जाऊन त्यांच्या अटी वाचा. बंद ठेवलेल्या वस्तू खरंच बंद राहतील का, माघार घेता येईल का, हे लेखी घ्या.

आणि वयस्क मंडळींना एक गोष्ट स्पष्ट सांगा. एकट्या माणसाची भाड्याची खोली तेराव्याच्या आत रिकामी होते आणि ट्रंक रद्दीत जाते. "माझे कागद, फोटो अमक्याला द्यावेत" असं मृत्युपत्रात लिहून दोन साक्षीदारांसमोर सही करायची, साक्षीदारांनीही सही करायची. नोंदणी सक्तीची नाही. शिबिराच्या दिवशी संमतीच्या टेबलावर त्याचा कोरा नमुना ठेवा, सोबत दोन पेनं, आणि साक्षीला बसतील अशी दोन माणसं.