रंगाआधी सूत उकळावं लागतं

'पवित्र' हा शब्द मराठी ख्रिस्ती माणसाला आयता मिळाला, पण कोरा मिळाला नाही. त्याला सोवळ्याचा वास आहे. शिवू नका, लांब राहा, विटाळ होईल. म्हणून आपल्या मंडळ्यांतही पवित्रतेचा विषय निघाला की आधी न करायच्या गोष्टींची यादी येते: तंबाखू नको, सिनेमा नको, दागिने नकोत, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसावं की बसू नये. यादीतलं सगळंच चूक आहे असं नाही. तंबाखू सोडलीच पाहिजे. पण बायबलमधला मार्क ७ काढून बघा. वाद सुरू होतो हात धुण्यावरून आणि भांडी घासण्यावरून, आणि प्रभू येशू तो थेट अंतःकरणात नेतो. आतून निघून माणसाला विटाळवणाऱ्या बारा गोष्टी तो नावानिशी सांगतो. त्यात हेवा, निंदा आणि अहंकार हे खून आणि व्यभिचार यांच्याच पंगतीला बसलेत. तंबाखू सोडलेला माणूस या तिघांना घेऊन खुशाल पहिल्या बाकावर बसू शकतो.

'पवित्र'साठी हिब्रूत 'कादोश' हा शब्द आहे, त्याचा रोख वेगळं काढून ठेवण्याकडे आहे. कशापासून वेगळं, एवढंच आपण विचारतो. कोणासाठी वेगळं, हे राहूनच जातं.

सोलापुरात हे समजावायला सूत पुरतं. चादरीचं सूत आधी रंगवतात, मग मागावर चढवतात. पण रंगाच्याही आधी ते कॉस्टिक सोडा घालून उकळावं लागतं, कारण कापसाच्या तंतूवर मुळातच मेणचट थर असतो. तो राहिला तर रंग आत शिरत नाही, वरच बसतो. लडी वाळत घातलेली असते तेव्हा फरक कळत नाही, धुतल्यावर कळतो. आपल्या बऱ्याच भक्तीचं हेच होतं. गाणी पाठ, वचनं पाठ, आणि पहिल्याच अपमानात रंग उतरतो. आणि हो, सूत स्वतःला उकळत नाही. फिलिप्पै २:१२-१३ मध्ये झटायलाही सांगितलंय आणि करणारा देव आहे हेही सांगितलंय. आपलं काम म्हणजे भट्टीतून उडी मारून पळायचं नाही.

उकळणं म्हणजे प्रत्यक्षात काय? रात्रीची दहा मिनिटं. अंथरुणावर पडून नव्हे, दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागाल. दोन खोल्यांच्या घरात एकांत मिळत नाही ही तक्रार खरी आहे. जिन्याची पायरी चालते, उन्हाळ्यात गच्ची चालते. फोन घरात ठेवून जा. आधी स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं हळू आवाजात म्हणा. त्यात 'मी स्वतःला तपासतो' असं नाही, 'देवा, तू मला तपास' असं आहे. हा फरक सुटला की आत्मपरीक्षणाची आत्मनिंदा होते.

मग दिवस पापांच्या यादीने तपासू नका, जागांनी तपासा. नळ, रिक्षा, कामाची जागा, स्वयंपाकघर, फोन. 'आज पाप केलं का?' असं विचारलं तर मन 'तसं काही नाही' म्हणतं. 'नळावर काय झालं?' विचारलं की सगळं आठवतं. प्रत्येक जागी तीन प्रश्न: काय बोललो, काय बोलायचं टाळलं, आणि त्या क्षणी मला नेमकं काय हवं होतं? तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या, मूळ तिथे असतं.

समजा पाण्याचा दिवस आहे. चार-पाच दिवसांनी नळ आलाय, धार बारीक, आणि शेजारणीशी खटका उडाला. रात्री 'प्रभू, मला राग आला, क्षमा कर' एवढं म्हणून उठलं तर ती कबुली झालीच नाही. कबुली अशी असते: 'तिची पाइप मी मुद्दाम काढली. तिचा ड्रम आधी भरला तर माझं नाक कापलं जाईल असं वाटलं.' आता दिसतं की रोग रागाचा नाही, मानाचा आहे. १ योहान १:९ मधल्या 'कबूल करणे' या ग्रीक शब्दाचा धातू 'तेच म्हणणे' असा आहे: देव ज्याला जे म्हणतो, तेच आपणही म्हणायचं. एकदा म्हटलं की थांबा. तेच पाप तिसऱ्या रात्री पुन्हा उकरून काढणं ही नम्रता नव्हे, क्षमेवरचा अविश्वास आहे. दहा मिनिटांची मर्यादा आळशांपेक्षा उकरणाऱ्यांसाठी जास्त गरजेची आहे. झोप आणि भूक उडाली, अपराधीपणा हटतच नाही, असं झालं तर पाळकसाहेबांशी बोला आणि डॉक्टरांनाही दाखवा.

दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे जायचं. मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी समेट. वाक्य छोटं असावं: 'ताई, काल मी तुमची पाइप काढली, माझं चुकलं.' त्यापुढे 'पण' आला की माफी बाद. पैशाचं असेल तर पैसे परत करायचे. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केले होते. मात्र ज्याची समोरच्याला कल्पनाच नाही, असा मनातला मत्सर किंवा वासना त्याला जाऊन सांगू नका. तुमचं ओझं उतरतं आणि त्याच्या डोक्यावर चढतं.

घर झाडून रिकामं ठेवलं तर काय होतं, ते लूक ११ मध्ये आहे: एक अशुद्ध आत्मा गेला, आणखी सात घेऊन परतला. कलस्सै ३ मध्ये म्हणूनच टाकून देण्याच्या पाच गोष्टी (वचन ८) आणि अंगावर घालायच्या पाच (वचन १२) आहेत. एका महिन्याला एकच जोडी घ्या. नळावरचा मान टाकायचा असेल तर महिनाभर शेजारणीचा ड्रम आधी भरू द्या. तोंडाने काही न बोलता. चार पाण्यांत आतली चिडचिड कुठवर आहे ते कळतं.

एकट्याने हे टिकत नाही. याकोब ५:१६ एकमेकांजवळ कबुली द्यायला सांगतं. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीने १७३८ मध्ये छोट्या गटांसाठी नियम केले, त्यात गेल्या भेटीनंतर कोणती पापं घडली, हा सरळ प्रश्न होता. आपल्याकडे दोघं पुरेत: बाईने बाईशी, पुरुषाने पुरुषाशी, आठवड्याला अर्धा तास, रविवारच्या उपासनेनंतरच्या चहाच्या गर्दीत नव्हे. हे बहुतेक एकाच वाक्याने मोडतं: 'प्रार्थनेचा विषय म्हणून सांगते हं, कोणाला बोलू नका.' एकदा गळती झाली की ती व्यक्ती पुन्हा तोंड उघडत नाही, आणि तिचं चूकही नाही.

उपवासाबद्दल थोडक्यात. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस रविवार सोडून मोजतात, आणि तोवर इथलं ऊन तापायला लागलेलं असतं. पाणी बंद करू नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. साबुदाण्याच्या खिचडीने उपवास जड होतो, खोल होत नाही. एक जेवण सोडा आणि त्याचे पैसे कोणाला तरी द्या. उपवासात चिडचिड झाली तर ती उपवासाने आणलेली नसते. ती आत होतीच, भाकरीखाली झाकलेली.

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जूनमध्ये आध्यात्मिक जागृती झाली. मुलींचं रडणं, पापं कबूल करणं आजही प्रवचनांत ऐकू येतं. त्याच वर्षी जानेवारीपासून तिथे रोज प्रार्थना चालू होती, हे मात्र क्वचित सांगितलं जातं. लोकांना जून हवा असतो, जानेवारी नको.

प्रगती मोजायला भावना वापरू नका, प्रार्थनेत डोळे भरून येणं तर मुळीच नाही. अंतर मोजा: चुकल्यापासून कबूल करेपर्यंत किती वेळ गेला? पूर्वी चार दिवस अबोला असायचा आणि आता दिवेलागणीपर्यंत बोलणं होतं, तर काम चाललंय. दुसरी खूण घरच्यांकडे असते. सहा महिन्यांनी त्यांना विचारा, आणि उत्तर ऐकताना खुलासा देऊ नका.

काहीजण वही ठेवतात. ठेवा, पण दर महिन्याच्या शेवटी ती पानं जाळा. तुमच्या कबुलीत दुसऱ्यांचीही नावं असतात, आणि वही ट्रंकेत कितीही खाली दडवली तरी घर आवरताना कोणाच्या तरी हाती लागतेच.