चारशेऐंशी पौंड जास्त

2007 चा नोव्हेंबर. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका सल्लागार कंपनीत नोकरीला होतो. थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी होमलँड सिक्युरिटी म्हणजे अंतर्गत सुरक्षा खात्याची धोकादायक रसायनांची अंतिम यादी आली आणि आमचे फोन खणखणू लागले.

यादीतल्या रसायनाचा साठा ठरलेल्या मर्यादेपर्यंत गेला की खात्याचा फॉर्म भरायचा होता. मसुद्यात प्रोपेन गॅसची मर्यादा 7,500 पौंड होती. म्हणजे हजार गॅलनच्या तीन टाक्या भरल्या की शेतकरी दहशतवादविरोधी नियमांत अडकलाच. खेड्यांतून ओरड झाली, आणि ती रास्तच होती. कोंबड्यांना ऊब द्यायची, मका वाळवायचा, तर गॅस लागणारच. आमच्या लातूरकडच्या घरी गोठ्यालगत डिझेलचे दोन पिंप असायचे. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यात 2,500 लिटरपर्यंत डिझेलला परवाना लागत नाही, तेव्हा ही ओरड मला परकी वाटली नाही. अंतिम यादीत मर्यादा 60,000 पौंडांवर गेली. शिवाय 10,000 पौंडांपर्यंतची टाकी मोजायचीच नाही, असं ठरलं.

पुढच्याच आठवड्यात एका टर्कीपालकाकडे गेलो. सत्तरीचा गडी, बोटं राठ. शेडांशेजारी हजार गॅलनच्या आठ टाक्या. त्या सगळ्या मिळून हिशेबात शून्य! उरली एकच, 18,000 गॅलनची. ती 80 टक्के भरते, गॅलनला 4.2 पौंड. कॅल्क्युलेटर म्हणाला 60,480.

"म्हणजे चारशेऐंशी जास्त?"

"हो."

"मग 79 टक्केच भरतो."

मी पुन्हा आकडे मारले. 59,724. काय बोलणार? कायद्याच्या दृष्टीने माणूस सुटला होता. मला हसू आलं, पण टाकीला वळसा घालताना ते मावळलं. टाकीतून निघालेले पाइप नडगीएवढ्या उंचीवरून उघडेच शेडकडे गेले होते. ना कुंपण, ना खांब. आणि दहा पावलांवर नातवाची एटीव्ही, म्हणजे शेतात फिरवायची छोटी उघडी गाडी, उभी.

9 एप्रिल 1998 ला याच राज्यातल्या अल्बर्ट सिटीत टर्की फार्मवर असंच घडलं होतं. एटीव्हीवरची दोन पोरं रात्री पाइपवर धडकली, गळणारा गॅस पेटला आणि 18,000 गॅलनची टाकी फुटली. आग विझवायला आलेल्यांपैकी दोन स्वयंसेवक जवान गेले, सात जण जखमी झाले. त्यात दहशतवादी कुणी नव्हता.

मी म्हटलं, "इथे लोखंडी खांब ठोका, काँक्रीट भरून."

"तुमच्या फॉर्मवर आहे का ते?"

नव्हतं. टाकीवर हल्ला कोण करेल याची काळजी त्या फॉर्मला होती, पोरं गाडी कुठे घालतील याची नव्हती. सूट रास्त होती हे मी आजही म्हणेन. पण सूट मिळाली की शेतकऱ्याला वाटतं, टाकीही पास झाली.

मी कागदाच्या मागे खांबांचं चित्र काढून दिलं. त्याने ते घडी घालून खिशात ठेवलं आणि कॉफी विचारली.

जानेवारीत शेतीच्या ठिकाणांना फॉर्म भरायला 'बेमुदत मुदतवाढ' मिळाली. आमची फाइल बंद झाली. तिकडे परत जायचं कारणच उरलं नाही.