रद्दीतली ग्रीटिंग कार्डं
आज दुपारभर लेकीसोबत घरातल्या रद्दीतूनच ग्रीटिंग कार्डं करत बसलो, मासिकाची चकचकीत पानं, लोकरीचे तुकडे, डब्यातली बटणं, जे हाताला लागेल ते! पहिलं कार्ड पार फसलं, पातळ गम जास्त ओतला आणि कागदावर नुसत्या लाटाच लाटा, पाणी पिऊन तंतू फुगतात ना त्याचे, मग गपचूप ग्लू स्टिक काढली. बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडताना चिरत होता, म्हणून पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने आधी रेघ दाबून घेतली, आणि काय घडी पडली राव, एकदम कडक! ए४ कागद असेल तर अजून सोपं, मधोमध दुमडला की १४८ बाय २१० मिमीचं कार्ड तयार. सगळ्यात भारी ते बटणाचं फूल झालंय. फक्त ते मधलं निळं बटण माझ्या चांगल्या शर्टाचं आहे हे आत्ता कपाट उघडल्यावर कळलं 😅