दिवाळ्याची खाडी: जिताडा सोडायचा, पण जगला पाहिजे

बेलापूर स्टेशनपासून दिवाळे कोळीवाडा जवळच आहे, रिक्षा मिळते. गळाने जिताडा (खाडीतला मोठा मासा, बारामुंडी) धरायला जायचं तर होडी मात्र आधी बोलून ठेवावी लागते, आणि वेळ ठरवायची ती भरती बघून. ओहोटीला जेट्टीखाली नुसता चिखल असतो. दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले निवडा. पंचांगातली अष्टमी-नवमी धरलीत तरी चालेल. उधाणाला पाण्याला इतकी ओढ असते आणि ते इतकं गढूळ होतं की ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, माशाला दिसतच नाही. वाशी पुलाच्या वर, ऐरोलीच्या बाजूला जायचा मोह टाळा. तिकडे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, वन विभागाला विचारल्याशिवाय गळ टाकायचा नाही.

आम्ही जिताडा धरून परत सोडणार हे ऐकल्यावर नाखव्यांनी वल्हं थांबवून विचारलं, “सोरायचाय तं धरतस कनाला?” प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच, की जिताडा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा बहुधा मादीच, आणि ती पावसाळ्यात अंडी घालणार. पण ती जगली तर! आपण सोडतो आणि ती तासाभराने मरते, त्यापेक्षा नाखव्यांच्या घरी कालवण झालेलं काय वाईट?

पोहत गेला म्हणजे वाचला, असं नसतं. गळावर झुंजताना माशाचे पांढरे स्नायू ऑक्सिजनशिवाय काम करतात. साठवलेली साखर संपत जाते, लॅक्टेट साठतं, रक्त आम्लधर्मी होतं, कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं. सोडल्यानंतरही रक्तातलं लॅक्टेट काही काळ वाढतच राहतं, सगळं जागेवर यायला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात त्याला मोठ्या माशापासून पळायचं असतं. त्यात पाण्याबाहेर काढला की कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या एकमेकींना चिकटतात, म्हणजे दम लागलेला असतानाच श्वास बंद. कॅनडात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रेनबो ट्राउट दमवून पाहिले होते. हवेत न काढलेल्यांपैकी १२ टक्के मेले, ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ३८ आणि मिनिटभर धरलेल्यांपैकी ७२ टक्के. ट्राउट थंड, गोड्या पाण्यातला मासा आणि प्रयोग टाकीतला, तेव्हा हे आकडे जिताड्याला जसेच्या तसे लावू नका. पण मोबाईल खिशातून काढून, कॅमेरा उघडून, “अरे जरा इकडे बघ” म्हणेपर्यंत किती सेकंद जातात ते एकदा मोजा.

तिवरांच्या कडेला भरतीचं पाणी चढायला लागलं आणि मित्राच्या रॉडला जिताडा लागला. गळापाशी जाड लीडर (दोरीचा मजबूत तुकडा) होता, त्यामुळे फार न खेळवता होडीशी आणला. रबरी जाळीतच, पाण्यात ठेवून पकडीने गळ सुटला. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला होता. हात ओले करूनच धरा, कोरड्या हाताने किंवा फडक्याने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथून रोग शिरतात. कल्ल्याच्या झाकणात बोट घालू नका, तुमचं बोट सुरीने कापल्यासारखं कापेल आणि माशाचे कल्लेही फाटतील. जबड्याला धरून लटकवणंही नको, खालून पोटाला आधार द्या.

मग मित्राने त्याला पाण्यातच जरा कुशीवर वळवलं. अंग कललं तरी डोळा फिरून सरळ राहिला. ही खूण चांगली. डोळा डोक्याबरोबर निर्जीवासारखा फिरला किंवा मासा उलटा होऊन तरंगला, तर तोंड प्रवाहाकडे करून सरळ धरून ठेवा. पुढे-मागे हिसके देऊ नका, पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यातून बाहेर असंच जायला हवं. आमच्याने शेपटीचा फटका मारून मित्राचा चष्मा भिजवला आणि गेला. ताकदवान माशाला उगाच धरून ठेवण्यात अर्थ नाही.

ल्युअरचे ट्रेबल हुक (तीन टोकांचे गळ) काढून एकेरी लावा. कोळंबी लावून बसणार असाल तर सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) घ्या, तो सहसा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. गळ घशात गेलाच तर उकरू नका, दोरी तोंडाशी कापा. एप्रिल-मेच्या दुपारी धरून सोडायचा बेतच नको: तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी आणि माशाची गरज जास्त. बाहेर खोल समुद्रात जाणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. घोळ माशाचा जो बोत (पोटातली हवेची पिशवी) सोन्याच्या भावाने विकला जातो, तोच अवयव खोलातून झटकन वर ओढलेल्या माशात फुगतो. सुईने टोचण्यापेक्षा वजन लावून मासा खाली पोहोचवलेला बरा. आपल्या उथळ खाडीत ही भानगड नाही.

नंतर लागलेला शिंगाळा नाखव्यांनी काही सोडू दिला नाही, आणि आम्हीही वाद घातला नाही. काय ठेवायचं, काय सोडायचं हे निघतानाच बोलून घ्या. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि बाजूचे काटे विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, ठणका कमी होतो, मग डॉक्टर गाठा. म्हणून चहाच्या थर्मासशेजारी गरम पाण्याचाही एक असू द्या.